कॉट बेसिसचं घर: मालक पुण्यात, आपण डोंबिवलीत, आणि कायदा कुठे?

नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकायचंय त्यांनी ऐका, ज्यांची लोकल खचाखच भरलीय आणि इअरफोन बॅगेत अडकलाय त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलण्यातले थोडे "म्हणजे" आणि "बरं का" मी काढलेत. सगळे नाही काढले.

आजचा विषय आला तो एका मेसेजमधून. डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या एका श्रोतीने लिहिलंय: "ताई, आम्ही पाच जणी एका टू-बीएचकेमध्ये राहतो. मालक पुण्याला असतात. सोसायटीने पत्र लावलंय की हे पीजी बेकायदेशीर आहे, आठ दिवसांत खाली करा. आमच्याकडे करारनामा आहे, पण त्यावर एकीचंच नाव आहे. आम्ही काय करायचं?"

हा प्रश्न एकीचा नाही. पेंडसेनगर, टिळकनगर, रामनगर, गोग्रासवाडी, पश्चिमेला विष्णूनगर, दीनदयाळ रोड, कुठेही फिरा. विजेच्या खांबांवर कागद दिसतील: "मुलींसाठी कॉट बेसिस", "वर्किंग बॉइज, स्टेशनपासून पाच मिनिटं" (ही पाच मिनिटं कुणाच्या चालीने मोजतात, देव जाणे). ही घरं मूळची कुटुंबांची. कुणाचे आई-वडील गेले, कुणी पलावाला किंवा ठाण्याला मोठं घर घेतलं, कुणाची मुलं परदेशात स्थिरावली. जुनं घर विकवत नाही, रिकामं ठेववत नाही. मग हॉलमध्ये तीन कॉट, बेडरूममध्ये तीन-तीन.

गणित सरळ आहे. समजा कुटुंबाला भाड्याने दिलं तर महिन्याला बावीस हजार मिळतात. तेच आठ कॉट, प्रत्येकी साडेपाच हजार, म्हणजे चव्वेचाळीस हजार. दुप्पट. आणि आपल्याला? एकट्याने घर घेणं परवडत नाही, "फक्त फॅमिली" ही पाटी सगळीकडे, ऐरोली असो की ठाणे, बीकेसी असो की भिवंडीची गोदामं, डोंबिवलीतून पोचता येतं. म्हणजे दोघांचीही गरज खरी आहे. अडचण ही की घर तेच राहिलं तरी त्याचा वापर बदलला, आणि तो बदलला हे कागदावर कुठेच आलं नाही.

आता आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपण सगळ्यालाच "पीजी" म्हणतो. कायदा म्हणत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्यात पेइंग गेस्टची व्याख्या आहे: कुटुंबाबाहेरची अशी व्यक्ती, जिला जागेचा काही भाग परवान्याने राहायला दिलाय, आणि ती जागा अशी की जिथे देणारा स्वतः राहतो. शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. देणारा स्वतः राहतो. आजी एका खोलीत राहतात, दुसऱ्या खोलीत दोन मुली, सकाळचा चहा एकत्र, हे पीजी. मालक पुण्यात आणि फ्लॅटमध्ये आठ कॉट, हे कायद्याच्या भाषेत पीजी नाहीच. मग पाटीवर काहीही लिहा.

हे असं का, याला एक गोष्ट आहे आणि मला ती सांगायचा मोह आवरत नाही. मुंबईत १९४७ चा भाडे कायदा होता. भाडेकरूला संरक्षण भरपूर, भाडं गोठलेलं. मालकांनी पळवाट काढली: भाडेकरू नको, "लिव्ह अँड लायसन्स" करू, म्हणजे हक्क लागत नाही. १९७३ मध्ये सरकारने कायदा दुरुस्त केला आणि म्हटलं, १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कुणी चालू करारावर जागेत राहत होता, तो आता भाडेकरू. एका तारखेत हजारो परवानाधारक संरक्षित भाडेकरू झाले. पण त्यातून पेइंग गेस्टला वगळलं होतं, कारण विधवा बाईने घरात ठेवलेल्या दोन मुलांनी उद्या तिच्याच घरावर हक्क सांगू नये. रास्त होतं. मात्र तेव्हापासून "पेइंग गेस्ट" हा शब्द मालकांना फार आवडायला लागला. आज ज्या घरात मालकाचा टूथब्रशसुद्धा नाही, तिथेही करारावर पेइंग गेस्ट लिहितात, ते या जुन्या भीतीचं शेपूट आहे.

तशी दाटीवाटीने राहायची पद्धत आपल्याला नवी नाही. गिरणगावात कोकणातल्या, घाटावरच्या गावांच्या खोल्या असायच्या. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपणार, कारण गिरणीच्या पाळ्या वेगळ्या. गोव्याच्या लोकांचे धोबीतलावला "कुड" होते, गावागावांचे क्लबच. जेवण खानावळवालीकडे. या खानावळवाल्या बायकांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभी केली. म्हणजे "कोणी एकत्र राहतंय" याला नाक मुरडणाऱ्या काकांनी जरा आपल्या आजोबांना विचारावं, ते मुंबईत पहिल्यांदा कुठे उतरले होते.

असो. कायद्याकडे.

घर भाड्याने देणं आणि घराचा वापर बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी महापालिकेची परवानगी लागत नाही. फ्लॅट राहण्यासाठी मंजूर आहे, भाडेकरूही तिथे राहतोच आहे, वापर तोच. दुसरीसाठी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्यात "विकास" या शब्दात फक्त बांधकाम येत नाही. इमारतीच्या किंवा जमिनीच्या वापरात लक्षणीय बदल करणं हासुद्धा विकासच. आणि विकास करायचा तर नियोजन प्राधिकरणाची आधी लेखी परवानगी. आपल्याकडे ते प्राधिकरण म्हणजे कल्याण-डोंबिवली महापालिका, नगररचना विभाग, कल्याणच्या मुख्यालयात. परवानगीशिवाय बदल केला तर नोटीस येऊ शकते, वापर थांबवायला लावू शकतात, शिक्षेचीही तरतूद आहे.

मग लाखमोलाचा प्रश्न: "लक्षणीय" म्हणजे किती? पाच मुली म्हणजे वापर बदलला का? आठ? बारा?

एमआरटीपीत असा माणसांचा आकडा नाही. आकडा सापडतो तो राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ ची आवृत्ती. ही संहिता म्हणजे थेट कायदा नव्हे, पण राज्यांच्या नियमावल्या तिचा आधार घेतात. ती राहण्याच्या इमारतींचे प्रकार पाडते: कुटुंबाचं घर वेगळं, अपार्टमेंट वेगळं, लॉजिंग-रूमिंग हाऊस वेगळं, डॉर्मिटरी वेगळी. आणि म्हणते की कुठल्याही खोलीत तीनपेक्षा जास्त माणसांना भाड्याने जागा दिलेली नसेल, तर ते रूमिंग हाऊससुद्धा साध्या घरात मोजा. तीन. म्हणजे चौथी कॉट आली की तुम्ही घरातून लॉजच्या बाजूला सरकलात, असा त्यामागचा विचार.

मला हा आकडा शहाणा वाटतो. कारण तो नीतिमत्ता मोजत नाही, माणसं मोजतो. मुलं मुलींना भेटतात का, रात्री किती वाजता येतात, हा नगररचनेचा विषयच नाही. विषय हा आहे की आग लागली तर दारातून किती जण बाहेर पडणार, आणि पाणी पुरणार का.

पाण्याचं बघा. आपल्याकडे शहरांचं नियोजन माणशी रोज १३५ लिटर धरून होतं. चार जणांचं कुटुंब: ५४० लिटर. त्याच फ्लॅटमध्ये नऊ जण: १,२१५ लिटर. इमारतीची टाकी मात्र ऐंशीच्या दशकात बांधलेली, प्रत्येक घरात चार-पाच माणसं धरून. तीन फ्लॅट असे झाले की वरच्या मजल्यावर नळाला वारा येतो. मग सेक्रेटरी काका पत्र लावतात. पत्राची भाषा "संस्कृती"ची असते, पण खरं कारण बऱ्याचदा टाकीत असतं. टाकीबद्दल बोलले असते तर आपणही ऐकलं असतं.

आगीचं तर विचारूच नका. चंदीगडचं उदाहरण मी मुद्दाम सांगते, कारण तिथे नियम होते. चंदीगड प्रशासनाचं पेइंग गेस्ट धोरण २००६ पासूनचं: नोंदणी करा, मालकाने तिथेच राहायला हवं, घर किमान साडेसात मरल्याचं हवं, माणशी किमान ५० चौरस फूट. आणि तरी फेब्रुवारी २०२० मध्ये सेक्टर ३२ मध्ये एका घरातल्या पीजीला आग लागून तीन विद्यार्थिनी गेल्या. ते पीजी नोंदवलेलं नव्हतं. कुटुंबाचं घर, आत पार्टिशन टाकून खोल्यांच्या खोल्या केलेल्या.

प्लायवूडचं पार्टिशन आपल्याकडेही आहेच. हॉलच्या मधोमध एक, आणि गॅलरी बंद करून आणखी एक "सिंगल रूम". त्या सिंगल रूमला खिडकी आहे का बघा. संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर हवी, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या आसपास. दोन खोल्या असतील तर दुसरी किमान साडेसात. उजेड आणि हवा बाहेरून यायला हवी. तुमची "प्रीमियम सिंगल" चाळीस चौरस फुटांची असेल तर ती खोली नाही, कपाट आहे. कपाटाचे साडेआठ हजार घेतात.

बाहेरच्या जगात हा आकडा उघड लिहिलेला असतो. इंग्लंडमध्ये एकापेक्षा जास्त कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसं एका घरात भाड्याने राहत असतील तर मालकाला लायसन्स घ्यावंच लागतं, २०१८ पासून. नियोजन परवानगीचं वेगळं: सहा जणांपर्यंत साधारण लागत नाही, पण एखाद्या भागात अशी घरं फार वाढली तर तिथली कौन्सिल ती सूट काढून घेते. सात झाले की परवानगी मागायचीच. जवळचं बघायचं तर बंगळुरू महापालिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये पीजींसाठी नियम काढले: माणशी किमान ७० चौरस फूट, १३५ लिटर पाणी, सीसीटीव्ही, परवाना. ७० चौरस फूट हा आकडा डोंबिवलीला लावून बघा. ५५० चौरस फुटांच्या टू-बीएचकेत सात जण. स्वयंपाकघर, संडास, पॅसेज वजा केला तर पाच. म्हणजे आपल्या श्रोतीच्या घरात पाच जणी आहेत त्या फार काही चुकीच्या नाहीत.

आता सोसायटी. इथे बऱ्याच कमिट्या स्वतःला महापालिका समजतात.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचा तर सोसायटीला आठ दिवस आधी कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. कळवायचं. "परवानगी मागायची" असं नाही. सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. हा सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. सेवा शुल्क अठराशे असेल तर एकशे ऐंशी. "बॅचलर चार्ज महिना दोन हजार" हे कुठल्या पुस्तकातून आलं, ते कमिटीला प्रेमाने विचारा. आणि पाणी बंद करणं, वॉचमनला गेटवर अडवायला सांगणं, हा कारवाईचा मार्ग नव्हेच. तक्रार असेल तर सभासदाला नोटीस, उपनिबंधक, सहकार न्यायालय, वापर बदलला असं म्हणणं असेल तर महापालिका. भाडेकरूला आठ दिवसांत रस्त्यावर काढायचा अधिकार नोटीस बोर्डाला नाही.

पण सोसायटीचंही एक ऐका. मालक कळवत नाही, करार देत नाही, प्रत्येक महिन्याला नवी माणसं. कमिटीवरचा माणूस फुकट काम करतो, संध्याकाळी सातची लोकल पकडून येतो आणि मग लोकांची भांडणं मिटवतो. उद्या काही झालं तर पोलीस आधी त्यालाच विचारतात. ठाणे पोलीस आयुक्तालय भाडेकरूंची माहिती देणं बंधनकारक करणारे आदेश काढतं, आणि डोंबिवलीतली चारही ठाणी, रामनगरचं डोंबिवली, विष्णूनगर, टिळकनगर, मानपाडा, त्याच आयुक्तालयात येतात. माहिती ऑनलाइनही भरता येते, पंधरा मिनिटांचं काम. मालक ते करत नसेल तर त्याला तुमच्यापेक्षा स्वतःचा कर लपवण्यात रस आहे, असं मी समजते. कारण महापालिकेचा मालमत्ता कर करयोग्य मूल्यावर असतो आणि ते मूल्य अपेक्षित भाड्यावरून निघतं. भाडं कागदावर आलं की कर वाढतो. म्हणून कागद नको.

आणि कागद नसला तर नुकसान कुणाचं? इथे कायद्याने एक गंमत करून ठेवलीय. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही" हे महाराष्ट्रात चालत नाही, अकरा महिन्यांचाही नोंदवायचाच. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि याहून महत्त्वाचं: नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे डिपॉझिट तीस हजार दिलं असं तुम्ही म्हणालात आणि मालक दहा म्हणाला, तर सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर. म्हणून पैसे यूपीआयने द्या. रोख मागितले तर मेसेजवर एक ओळ घ्या: "मिळाले." एवढं पुरतं.

खर्चाची भीती दाखवतात, तीही खोटी. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या रकमेवर. बावीस हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने: सुमारे ६३० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. सरकारला जाणारे पैसे दोन हजारांच्या आत. पाच जणींत वाटले तर चारशे. वरचं जे काही आहे ते एजंटचं.

श्रोतीच्या करारावर एकीचंच नाव आहे, ही मात्र गंभीर गोष्ट आहे. बाकीच्या चौघी कायद्याच्या नजरेत पाहुण्या. किंवा त्याहून वाईट: पहिलीने त्यांना परस्पर ठेवलं असा अर्थ निघू शकतो, आणि करारात तसं ठेवायला बंदी असतेच. करारात सगळ्यांची नावं परवानाधारक म्हणून घालता येतात, आधारने अंगठा देऊन प्रत्येकीची नोंद होते. एक सोडून गेली, दुसरी आली तर नवा करार. कटकट आहे. पण मालकाला आठवड्याच्या नोटिशीवर घर रिकामं करून घ्यायची चटक लागते ती याच एका नावामुळे. त्या पाचही जणींनी आत्ता, सोसायटीच्या पत्राला उत्तर देण्याआधी, मालकाला लेखी कळवावं: सगळ्यांच्या नावाने करार करा, पोलिसांत माहिती भरा, सोसायटीला प्रत द्या. उत्तर द्यायचं काम मालकाचं आहे. तो सभासद आहे, त्या नाहीत.

आता माझ्या त्या श्रोत्यांसाठी, ज्यांच्याकडे आजोबांचं घर आहे आणि ज्यांच्या डोक्यात "को-लिव्हिंग स्टार्टअप" घुमतंय. तुम्ही हसू नका, मला माहितीय तुम्ही आहात.

पहिलं काम इमारत कायदेशीर आहे का ते बघणं. ही डोंबिवली आहे. महापालिका हद्दीतल्या अनधिकृत बांधकामांवर न्यायमूर्ती अग्यार समिती बसली होती, तेव्हाच आकडा सुमारे ६८ हजार होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ६५ इमारती पाडायला सांगितल्या. तिथे महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी घेतली होती, आणि आत कर्ज काढून घर घेतलेली माणसं राहत होती. त्यामुळे मंजूर नकाशा आणि बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, दोन्हींची प्रत सोसायटीकडे मागा. नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांत. मूळ इमारतच नकाशात नसेल तर वापर बदलायची परवानगी कशाची मागणार?

मग ठरवा तुम्ही काय करताय. तीन-चार जणांना नोंदणीकृत करारावर अख्खं घर देणार, खोलीत दोघं, भिंती हलवणार नाही: हे साधं भाड्याने देणं. पण पूर्ण बंगला घेऊन वीस बेड, जेवण, मॅनेजर, बाहेर बोर्ड असं असेल तर ते वसतिगृह आहे, आणि तिथे परवानाधारक आर्किटेक्टकडून नकाशा काढून नगररचना विभागात वापर बदलाचा प्रस्ताव टाकावा लागेल. २०२० पासून लागू असलेली एकीकृत विकास नियंत्रण नियमावली म्हणजे यूडीसीपीआर त्यासाठी बघतात: रस्ता किती रुंद, पार्किंग किती, जिना किती. आगीच्या सोयींसाठी २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायदा. मिलापनगर, सुदर्शननगरकडच्या निवासी भूखंडांना आणखी एक पदर आहे: जमीन एमआयडीसीच्या ९५ वर्षांच्या लीजवर असते, आणि लीजमध्ये वापर लिहिलेला असतो. तिथे एमआयडीसीला विचारल्याशिवाय बोर्ड लावलात तर प्रश्न फक्त दंडाचा राहत नाही, लीजचा होतो.

जीएसटीची काळजी मात्र बहुतेकांना नको. जून २०२४ च्या परिषदेत ठरलं की माणशी महिना २० हजारांपर्यंत भाडं आणि सलग किमान ९० दिवस मुक्काम असेल तर कर नाही. डोंबिवलीत कॉटचे वीस हजार घेणारा भेटला तर मला नक्की कळवा.

आणि एक राहिलं. राहणारे असाल किंवा चालवणारे, विजेच्या मीटरवरचा मंजूर भार बघा, महावितरणच्या बिलावर लिहिलेला असतो. जुन्या टू-बीएचकेला जो भार घेतला होता तो एक गिझर, एक फ्रिज धरून. आता सकाळी साडेसहाला दोन गिझर, एक इंडक्शन, पाच चार्जर आणि एक हेअर ड्रायर एकाच वायरवर. भार वाढवून घ्यायचा अर्ज ऑनलाइन होतो. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियनला बोलावून बोर्ड उघडूनच बघावं लागतं, आणि ते पार्टिशनच्या मागे गेलं असेल तर आधी पार्टिशन.